भांडी बाजारातला खल: एका जुन्या चित्राची कॅनव्हास प्रिंट आणि फ्रेम

आमचं भांड्यांचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात आहे. आजोबांनी टाकलं, अण्णांनी वाढवलं, आणि बावीस वर्षं झाली, गल्ल्यावर मी बसते. गेल्या महिन्यात दुकानासाठी एका स्पॅनिश चित्राची कॅनव्हासवर प्रिंट काढून घेतली आणि फ्रेम करून घेतली. त्यात दोनदा पैसे गेले, एकदा वाया आणि एकदा सार्थकी. नाशिकमध्ये कुणाला असं काम करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. चित्रकलेचं शिक्षण मला नाही. पितळ मात्र कळतं, आणि या चित्राची परीक्षा पितळावरच होते.

चित्राचं नाव ‘अंडी शिजवणारी म्हातारी’. काढणारा दिएगो व्हेलास्केझ. चित्रावर साल आहे १६१८, आणि व्हेलास्केझचा जन्म सेव्हिल शहरातला, १५९९ चा. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने काढलेलं हे चित्र. मूळ चित्र आता स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. अंधारं स्वयंपाकघर. डोक्यावरून पांढरं फडकं घेतलेली म्हातारी शेगडीपुढे बसली आहे, एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्या हातात न फोडलेलं अंडं. मातीच्या पसरट भांड्यात अंडी सोडलेली आहेत आणि त्यांचा पांढरा भाग नुकता कुठे धरायला लागला आहे. डावीकडे एक मुलगा, काखेत दोरीने बांधलेलं खरबूज, हातात काचेची सुरई. उजवीकडे पुढ्यात कांदा, सुक्या लाल मिरच्या, झिलई दिलेले मातीचे चंबू, पांढऱ्या वाडग्यावर आडवी ठेवलेली सुरी आणि तिची वाडग्यात पडलेली वाकडी सावली. आणि पितळी खलबत्ता.

हा खलबत्ता आमच्या दुकानात कसा आला ते सांगते. नाशिकरोडच्या प्रेसमधले एक काका दर धनत्रयोदशीला आमच्याकडून एक तरी भांडं न्यायचे. सगळी नोकरी छपाईत गेलेली, खिशात कायम भिंग. मी चौथीत असताना ते एका परदेशी कॅलेंडरचं सुटं पान घेऊन आले. “अण्णा, हे बघा, तुमच्या धंद्यातलं आहे,” म्हणाले. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान दारातल्या उजेडात नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “खल ओतीव आहे. पत्र्याचा नाही.”

काकांना इतका आनंद झाला की ते अर्धा तास तिथेच बसून राहिले. अण्णांना चित्रकाराचं नाव ठाऊक नव्हतं, देश ठाऊक नव्हता. चारशे वर्षांपूर्वीच्या एका खलाची घडण मात्र त्यांनी कागदावरून ओळखली. कशी, ते मला त्यांनी नंतर समजावलं. पत्र्याच्या भांड्याचा काठ पातळ, बहुतेक वेळा आत तार घालून दुमडलेला. त्यावरचा उजेड बारीक आणि तुटक दिसतो. ठोक्याच्या भांड्यावर तर प्रत्येक ठोक्यागणिक उजेड फुटतो. ओतीव भांड्याचा काठ जाड, त्यावर उजेड एकसंध बसतो आणि पोटावर उतरताना हळूहळू मऊ होत जातो. त्या मऊ होण्यात वजन दिसतं. अण्णा म्हणायचे, हे चित्र काढणारा खल हातात घेऊन आलाय, नुसता बघून नाही.

त्यांनी ते पान लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलं. पुढची तीसेक वर्षं खल घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवलं गेलं. नव्या सुना, त्यांच्या सासवा, वैद्य, सगळ्यांनी पाहिलं. म्हातारीबद्दल बायका हमखास एकच गोष्ट बोलायच्या: हिचं अंड्यांकडे लक्षच नाही. खरंच नाही. ती समोर कुठेतरी पाहते आहे, मुलगाही तिच्याकडे पाहत नाही. माझ्या आजीची भाकरी अशीच असायची. डोळे दारात, कान गल्लीत, आणि भाकरी बरोबर त्या क्षणी उलटायची. ज्या हाताने आयुष्यभर तेच केलं त्याला डोळ्याची गरज लागत नाही, हे त्या पोराला त्या वयात कसं समजलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गोदेला आलेला तो पूर नाशिककरांना सांगायला नको. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावर आमचा बाजार खालच्या फळ्या रिकाम्या करायला घेतो, ते आम्ही केलंही. पण पाणी फळ्यांच्या वर चढलं. पितळेला पाण्याचं काय, चिंच-मीठ लावून घासलं की झालं. कागदाला मात्र उपाय नाही. पान गाळात सापडलं, म्हातारीचा अर्धा चेहरा आणि मुलाचा गळपट्टा एवढंच ओळखू येत होतं. अण्णा तेव्हा नव्हते, म्हणून एका परीने बरं.

पाच-सहा वर्षं ती भिंत तशीच रिकामी ठेवली. यंदा भाची घरी राहायला आली आणि म्हणाली, “आत्या, एवढं वाटतंय तर छापून घे ना. चांगली मोठी फाइल मिळते.” तिने शोधून दिली. इथे पहिली उपयोगाची गोष्ट: फाइल किती मोठी हवी याचा हिशोब सोपा आहे. प्रिंट जितके इंच रुंद हवी त्याला दीडशेने गुणायचं. मला तीस इंच हवी होती, म्हणजे चित्राची रुंदी निदान साडेचार हजार पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल चालत नाही, ती लहान होऊन पोचते. पेन ड्राइव्ह न्यावा.

पहिली प्रिंट कॉलेज रोडच्या बाजूच्या एका दुकानात दिली. चौदाशे रुपये, दुसऱ्या दिवशी तयार. नाव लिहीत नाही. मशीन उत्तम, कॅनव्हासही बरा. पण मशीनवरच्या मुलाने मला न विचारता चित्राचा उजेड वाढवला. “काकू, फार डार्क होतं, काहीच दिसत नव्हतं, मी ब्राइट करून दिलंय,” असं कौतुकाने सांगितलं. भिंतीवरच्या सावल्या राखाडी झालेल्या, म्हातारीची कातडी गुलाबी, आणि खल पिवळ्या प्लॅस्टिकचा. शिवाय त्यांच्या ठरलेल्या मापात बसवायला वरखाली चित्र कापलेलं. मूळ चित्र सुमारे १०० सेंटिमीटर उंच आणि १२० सेंटिमीटर रुंद आहे. तीस इंच रुंदीला पंचवीस इंच उंची यायला हवी, त्यांनी वीस केली. वरची पाच इंच, खालची पाच इंच असं नव्हे, पण दोन्ही बाजू मिळून पाच इंच चित्र गेलं. बदलून द्यायला नकार मिळाला. मी वाद घातला नाही, प्रिंट गुंडाळून घरी आणली आणि रात्री खूप वाईट वाटलं.

अंधार हा या चित्राचा कमीपणा आहे असं त्या मुलाला वाटलं, आणि बहुतेकांना वाटेल. आमच्या दुकानात या, मग सांगते. पितळ चमकतं ते त्यावर पडलेल्या उजेडाने नव्हे, शेजारच्या काळोखाने. म्हणून तर जुन्या दुकानांत भांडी गडद लाकडी फळ्यांवर मांडत. मागे पांढरी फरशी लावली की पन्नास हजारांचं घंगाळही फिकं दिसतं. व्हेलास्केझने या चित्रात अर्ध्याहून जास्त जागा काळोखाला दिली आहे. त्या काळोखातून डावीकडून आलेला उजेड मग मोजक्या ठिकाणी उतरतो: फडक्यावर, अंड्यांवर, वाडग्यावर, खलाच्या काठावर. काळोख घालवला की ही सगळी ठिकाणं एका पातळीवर येतात आणि वजन निघून जातं.

भाचीने त्या दिवसांत मला एक गोष्ट वाचून दाखवली, ती मनात घर करून बसली आहे. व्हेलास्केझचा गुरू फ्रान्सिस्को पाचेको. १६१८ मध्येच व्हेलास्केझने त्याच्या मुलीशी, हुआनाशी, लग्न केलं, म्हणजे गुरू तोच सासरा. या पाचेकोने चित्रकलेवर ग्रंथ लिहिला आहे. कॅनव्हासवर पहिला थर कशाचा द्यावा, तर सेव्हिलमध्ये वापरतात त्या मातीचा, भुकटी करून जवसाच्या तेलात खलून, असं त्यात सांगितलं आहे. सेव्हिलच्या काळातल्या व्हेलास्केझच्या चित्रांखाली असाच तपकिरी मातकट थर आहे. म्हणजे म्हातारी, मुलगा, खल, सगळे मातीतून वर आलेले आहेत. आमचं पान गोदावरीच्या गाळात गेलं होतं. हे ऐकल्यावर त्या गाळाचा राग मला पूर्वीइतका राहिला नाही.

मग चाचांकडे गेले. दहीपुलाच्या अलीकडे एका बोळात त्यांचं फ्रेमचं काम आहे. एकटेच करतात, नाव आणि पत्ता छापू नका म्हणाले, काम झेपत नाही. जुन्या नाशकात दोन-तीन जणांना विचारलं तर कुणीही घेऊन जाईल. त्यांनी बिघडलेली प्रिंट उलगडून पाहिली, मग भाचीच्या फोनवर मूळ फाइल पाहिली, आणि विचारलं, “ताई, यातलं तुम्हाला काय बरोबर यायला हवं?” हा प्रश्न मला आजवर कुठल्याही छपाईवाल्याने विचारला नव्हता. मी म्हटलं, खल. ते म्हणाले, मग येताना एक खल घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दुकानातला दोन किलोचा ओतीव खल घेऊन गेले. चाचांच्या ओळखीच्या एका छपाईवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. आधी पूर्ण चित्र न छापता फक्त खल, कांदा आणि मिरच्या एवढ्याच भागाची सहा इंचांची नमुना पट्टी काढली. ती खऱ्या खलाशेजारी दारातल्या उजेडात धरली. पहिल्या पट्टीत पितळ तांब्याकडे झुकलं होतं. लाल थोडा उतरवला, दुसरी पट्टी काढली. तिसरी बरोबर आली. प्रत्येक पट्टीचे साठ रुपये घेतले, ते देताना मला जराही जड गेलं नाही. तुम्ही कुठेही प्रिंट काढा, नमुना पट्टी मागाच, आणि ती ट्यूबलाइटखाली पाहू नका.

मिरच्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. नमुना पट्टी पाहताना चाचा म्हणाले, या तर आपल्याच मिरच्या. मिरची मूळची अमेरिकेतली. तिकडून ती स्पेनला गेली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. हे चित्र काढलं तेव्हा सेव्हिल हे अमेरिकेहून येणाऱ्या मालाचं बंदर होतं. म्हणजे त्या म्हातारीच्या पुढ्यातली मिरची आणि आपल्या ठेच्यातली मिरची एकाच माहेरच्या. व्हेलास्केझने त्याच वर्षी काढलेल्या दुसऱ्या एका चित्रातही, येशू मार्था आणि मेरीच्या घरी आलेला दाखवलाय त्यात, पुढ्यात एक तरुण मोलकरीण पितळी खलात कुटते आहे, शेजारी लसूण, मासे, अंडी आणि लाल मिरची. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मला तर खल तोच वाटतो. घरातलं एकच भांडं माणूस वेगवेगळ्या कामाला वापरतो, तसं.

कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना आणखी एक खबरदारी हवी. ताणलेला कॅनव्हास बाजूंवर दुमडला जातो, त्यात चारही कडांचं दीडेक इंच चित्र जातं. आमच्या चित्रात उजव्या कडेला खल आणि वाडगा आहे, म्हणजे नेमकं हवं तेच दुमडलं असतं. चाचांनी छापतानाच चारही बाजूंना दोन इंच कोरा समास ठेवायला लावला. फ्रेमची पट्टी फायबरची की सागाची, असं विचारलं. मी साग घेतला, गडद पॉलिश, वर सोनेरी रेघ नको म्हणून सांगितलं. काच लावली नाही. कॅनव्हासला काच लागत नाही, उलट पावसाळ्यात आत ओल धरते. मागे हार्डबोर्ड, आणि भिंतीपासून अर्धा इंच सुटं राहावं म्हणून कोपऱ्यांना बुचाचे तुकडे.

हिशोब: प्रिंट अठराशे, नमुना पट्ट्या एकशे ऐंशी, ताणणं आणि सागाची फ्रेम सव्वीसशे. एकूण चार हजार पाचशे ऐंशी. आठवडा सांगितला होता, बारा दिवस लागले. पॉलिशचा वास आठवडाभर गेला नाही, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे टोपली टांगलेली दिसते, तिथला काळोख किंचित जास्तच घट्ट आला आहे, टोपलीची वीण हवी तेवढी सुटत नाही. हे दोन दोष. बाकी काम चोख.

त्या बारा दिवसांत रात्री जेवणं झाल्यावर भाची मला फोनवर व्हेलास्केझची पुढची चित्रं दाखवत असे. १६२३ मध्ये तो माद्रिदला राजा चौथ्या फिलिपच्या पदरी गेला आणि १६६० मध्ये मरेपर्यंत दरबारातच राहिला. राजा, राण्या, घोडे, पोप. १६५६ चं ‘लास मेनिनास’ जगात सगळ्यात गाजलेलं, दहा फुटांहून उंच, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या, भोवती दासी, एक बुटकी बाई, कुत्रा, आणि बाजूला हातात कुंचला घेतलेला स्वतः व्हेलास्केझ. भाची मला आरशातले राजा-राणी दाखवत होती, मी तिला थांबवलं. माझी नजर तबकावर होती. दासी गुडघा टेकून राजकन्येला तबकात काय देते आहे? लाल मातीचा छोटा चंबू. पाण्याला मातीचा वास यावा म्हणून असे चंबू तिथे आवडीने वापरत, स्पेनमध्ये त्यांना बुकारो म्हणतात. एवढ्या रेशमात, एवढ्या राजवाड्यात त्याला मातीचा चंबू चुकला नाही! उन्हाळ्यात नव्या माठातलं पहिलं पाणी प्यायलेल्या कुणालाही त्या मुलीने हात का पुढे केलाय ते सांगावं लागणार नाही.

भाची म्हणाली, गोयाने १७७८ मध्ये व्हेलास्केझच्या चित्रांवरून कोरीव छापे केले. फ्रेंच चित्रकार माने १८६५ मध्ये माद्रिदला जाऊन त्याची चित्रं पाहून भारावला. पिकासोने १९५७ मध्ये ‘लास मेनिनास’ पुढ्यात घेऊन महिनोन् महिने काम केलं आणि अठ्ठावन्न चित्रांची मालिका केली, ती बार्सिलोनात आहे. मोठे चित्रकार त्याच्याकडे का परत परत येतात हे मला चित्रकारांच्या भाषेत सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढंच की कांद्यासाठी त्याने एक उजेड आणि राजासाठी दुसरा असं कधी केलं नाही. हुआन दे पारेखा हा त्याच्याकडचा गुलाम. रोममध्ये १६५० साली व्हेलास्केझने त्याचं चित्र काढलं, आणि त्याच वर्षी त्याला मुक्त केल्याचा कागद केला. त्या चित्रातला पारेखा असा उभा आहे की त्याला ‘अहो’ म्हणावंसं वाटतं. खलाचं वजन ज्याला कळलं त्याला माणसाचंही कळलं, असं अण्णा असते तर म्हणाले असते, आणि मला ते पटलं असतं.

फ्रेम दुकानात आणली त्या दिवशी चाचा स्वतः आले. भिंतीवर आधी वरचा पांढरा एलईडी बदलून पिवळा बल्ब लावला, पांढऱ्यात पितळ हिरवट दिसतं. मग मी नेहमीच्या जागी, लक्ष्मीशेजारी, बोट ठेवलं. चाचांनी मान हलवली. २०१९ च्या पुराची ओल भिंतीवर जिथवर चढली होती ती पिवळी रेघ रंगाखालूनही अजून दिसते. त्यांनी फूटपट्टी काढली, रेघेपासून वर दोन फूट मोजले, आणि तिथे खिळा ठोकला. लक्ष्मीची तसबीरही मग त्याच उंचीवर नेली.